शीर्षाखालचा सांधा

नव्याने बांधलेले इंजिन पहिल्या दिवशी सहसा दगा देत नाही. सिलिंडर कातून मोठे केलेले असतात, नवे दट्टे व कडी बसविलेली असतात, शीर्ष तासून चकचकीत केलेले असते. किल्ली फिरविताच इंजिन सुरू होते आणि मालक समाधानाने बॉनेट मिटतो. पंधरा-वीस दिवसांनी एखाद्या सकाळी रेडिएटरमधील पाणी दोन बोटे उतरलेले दिसते. जमिनीवर थेंब नाही, रबरी नळ्या कोरड्या आहेत. पाणी भरले जाते. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन बोटे. मग कधीतरी थंड इंजिन सुरू करताना धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर रेंगाळू लागतो, तेल मोजण्याच्या पट्टीवर घुसळलेल्या ताकासारखा फेस दिसतो, आणि महिन्यांची मेहनत व साठविलेला पैसा ज्यात ओतला ते इंजिन पुन्हा उघडण्याची पाळी येते.

शीर्ष उतरविले की त्याखालचे गॅस्केट एखाद्या ठिकाणी काळवंडलेले किंवा ओलसर आढळते, आणि भोवती जमलेले सर्वजण एकमुखाने निकाल देतात की, गॅस्केट गेले. नवे गॅस्केट येते, बसते, आणि दीड महिन्याने तेच नाटक पुन्हा घडते. हा निकाल बहुधा चुकीचा असतो. गॅस्केट हे या प्रकरणात आरोपी कमी आणि साक्षीदार अधिक असते. पाणी अडते ते गॅस्केटमुळे नव्हे. दोन धातूंच्या सपाट पृष्ठांना बोल्टांनी एकमेकांवर ज्या बळाने आणि ज्या समतेने दाबून धरलेले असते, त्या दाबामुळे ते अडते. गॅस्केटचे काम त्या दाबाला उरल्यासुरल्या सूक्ष्म फटींपर्यंत पोचविण्याचे. दाबच विषम असेल तर जगातील सर्वोत्तम गॅस्केटही ती विषमता झाकू शकत नाही.

(कारखान्यातील माणसे शीर्षाला हेड म्हणतात. शीर्ष हा शब्द आता पुरेसा रुळला आहे. गॅस्केटला मात्र सुटसुटीत मराठी प्रतिशब्द नाही, आणि तो घडविण्याचा हट्ट येथे धरलेला नाही.)

या सांध्यावर नेमका काय प्रसंग गुदरतो हे आकड्यांनी पाहणे उपयोगी ठरेल. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाबाने काम करतो, आणि गाडीच्या रेडिएटरचे दाबाचे टोपणही साधारण तेवढाच दाब धरून ठेवते. या दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि इंजिनाला थोडी सवड मिळते. म्हणजे पाण्यापुरतेच बोलायचे तर शीर्षाखालच्या सांध्याचे काम कुकरच्या झाकणाहून अवघड नाही. अवघड आहे तो पाण्याचा शेजारी. पाण्याच्या वाटेपासून अवघ्या काही मिलिमीटरांवर ज्वलनकक्ष असतो. साध्या पेट्रोल इंजिनात पूर्ण भारावर तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोग्रॅमच्या आसपास चढतो. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे प्रत्येक ज्वलनाच्या वेळी तीन टनांचे बळ शीर्षाला वर उचलू पाहते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर एकेका सिलिंडरात हा धक्का सेकंदाला पन्नास वेळा बसतो.

या धक्क्याला उत्तर देतात ते बोल्ट. दहा मिलिमीटर जाडीचा, उच्च प्रतीच्या पोलादाचा बोल्ट योग्य रीतीने आवळला तर चार ते पाच टन बळाने शीर्ष खाली खेचतो. चार सिलिंडरांच्या इंजिनाला असे दहा बोल्ट सर्वसाधारणपणे असतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला दहा-बारा टन येतात. तीन टनांच्या उचलीविरुद्ध दहा-बारा टनांची पकड, ही चांगली शिल्लक झाली. आता त्याच इंजिनाला टर्बो जोडला, संपीडन गुणोत्तर वाढविले आणि ज्वलनाचा दाब १०० किलोग्रॅमपर्यंत नेला, की उचल पाच टनांची होते. बोल्ट तेच, गॅस्केट तेच. शिल्लक मात्र तिप्पट-चौपटीवरून जेमतेम दुपटीवर येते. इंजिनाची शक्ती वाढविणारा माणूस कळत-नकळत ही शिल्लक खर्च करीत असतो. शिवाय वरचा हिशेब सरासरीचा आहे. बोल्टाजवळ पकड भक्कम असते आणि दोन बोल्टांच्या मधोमध ती पातळ होते. पाण्याची भोके नेमकी अशाच जागी असतात. साध्या इंजिनात जी विषमता खपून जाते, ती शक्ती वाढविल्यावर उघडी पडते.

या गोष्टीचे मोठे उदाहरण विमानांच्या इतिहासात आहे. रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन हे इंजिन १९३३ मध्ये प्रथम चालले. बारा सिलिंडर, २७ लिटर घनफळ, आणि उत्पादनाच्या आरंभी सुमारे १,००० अश्वशक्ती. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत याच घनफळातून २,००० अश्वशक्ती काढण्यात आली. पहिल्या मर्लिन इंजिनांत प्रत्येक रांगेचे सिलिंडर-ब्लॉक व शीर्ष एकत्र ओतलेले असत, आणि त्यांत पोलादी अस्तरनळ्या, म्हणजे लायनर, खालून बसवीत. लायनरची वरची कड शीर्षाला जेथे टेकते तेथे सांधा राहत असे. शक्ती वाढत गेली तसा हा सांधा शीतक द्रवाला आवरीनासा झाला आणि द्रव सिलिंडरात झिरपू लागला. यावरचा इलाज अधिक चिवट पट्टी शोधण्यात सापडला नाही. अभियंत्यांनी ब्लॉक आणि शीर्ष हे दोन वेगळे भाग केले, आणि पाणी एका भागातून दुसऱ्यात नेण्यासाठी स्वतंत्र रबरी कडी असलेल्या नळ्या दिल्या. ज्या सांध्याला ज्वलनाचा वायू धरायचा, त्याच्यावर पाणी धरण्याची जबाबदारी ठेवलीच नाही. १९४२ मध्ये सेवेत आलेले मर्लिन ६१ हे या रचनेचे इंजिन होते; अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनेही आपल्या मर्लिनसाठी दोन भागांचा ब्लॉक वापरला. युद्धकाळात, कारखाने रात्रंदिवस चालू असताना, इतक्या मोठ्या भागाची रचना बदलण्याचा निर्णय सोपा नव्हता. एका गळतीसाठी तो घ्यावा लागला, यावरून गळतीचे महत्त्व समजावे.

शांततेच्या काळातील एक उदाहरण ब्रिटनमधीलच आहे. रोव्हर कंपनीचे के-मालिकेचे हलके ॲल्युमिनियम इंजिन १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि पुढे १९९६ च्या लोटस एलिससारख्या चपळ गाडीतही बसले. त्याचे लांबलचक बोल्ट शीर्षातून शिरून ब्लॉक ओलांडून थेट खालच्या भागात अडकत, लायनर पाण्यात उभे असत, आणि एकंदर पाण्याचा साठा अगदी थोडा असे. विशेषतः १.८ लिटरची आवृत्ती गॅस्केटच्या तक्रारींसाठी कुप्रसिद्ध झाली. अनेक दुरुस्त्या एकामागून एक फसल्या, कारण नवे गॅस्केट घालणाऱ्याने लायनरची उंची मोजलेली नसे. लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठाच्या किंचित वर राहिली पाहिजे. ती पृष्ठाशी बरोबर झाली किंवा खाली दबली, की शीर्षाची पकड लायनरवर न पडता बाजूच्या ब्लॉकवर पडते. ज्या इंजिनात पाण्यात उभे लायनर आहेत, तेथे ही उंची डायल गेजने प्रत्येक लायनरवर तीन-चार ठिकाणी मोजणे हे पहिले काम. निर्माता सांगेल तो आकडा खरा. बहुतेक इंजिनांत तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत असतो, आणि शेजारच्या दोन लायनरांतला फरकही तितक्याच काटेकोरपणे पाहावा लागतो.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. खरे तर गळती टाळण्याचे काम शीर्ष उतरविण्यापासूनच सुरू होते. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय बोल्टाला पाना लावू नये. गरम ॲल्युमिनियम शीर्षाचे बोल्ट सोडले तर ते वाकते आणि थंड झाल्यावर वाकलेलेच राहते. बोल्ट आवळण्याच्या उलट क्रमाने, म्हणजे बाहेरून आत, थोडे थोडे सोडावेत. उतरविलेले गॅस्केट फेकून देण्याची घाई तर कधीच करू नये. ज्वलनकक्षाभोवतीच्या धातूच्या कड्यावर दाबाची खूण सगळीकडे सारखी आहे काय, कोठे ती फिकट आहे, काजळीची रेघ कोणत्या दोन सिलिंडरांच्या मधून गेली आहे, पाण्याच्या कोणत्या भोकाभोवती गंजाचा ओघळ आहे, हे सारे त्यावर लिहिलेले असते. जुन्या इंजिनांच्या गॅस्केटांत तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे, म्हणून असे गॅस्केट कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे.

पृष्ठे साफ करण्याच्या वेळी एक चूक फार सर्रास घडते. ड्रिलला घासणारी चकती लावून जुना लेप उडविला जातो. पाच मिनिटांत पृष्ठ चकाकू लागते आणि काम झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात चकती मऊ ॲल्युमिनियममध्ये उथळ खळगे पाडते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्याला मात्र सापडतात. शिवाय चकतीची कणकण तेलाच्या वाटांत शिरते आणि पुढे नव्या बेअरिंगना खाते. प्लास्टिकची किंवा बोथट पात्याची खरवडणी, लेप मऊ करणारे रसायन आणि संयम, एवढीच साधने येथे हवीत.

मग सपाटी तपासावी. अचूक सरळ कडेची पोलादी पट्टी पृष्ठावर लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची आणि तिच्याखाली फीलर गेजचे पाते सरकते काय ते पाहायचे. ०.०५ मिलिमीटरचे पाते कोठेही शिरत असेल तर शक्ती वाढविलेल्या इंजिनासाठी ते पृष्ठ तासून घेतलेले बरे. हीच परीक्षा ब्लॉकचीही घ्यावी. शीर्ष तासणे सगळे करतात, कारण ते काखेत मारून यंत्रशाळेत नेता येते. ब्लॉक जड असतो म्हणून तो सपाट आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक अनेक इंजिनांना भोवले आहे.

सपाटीइतकाच पृष्ठाच्या गुळगुळीतपणाचा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो गॅस्केटच्या जातीवर अवलंबून असतो. मऊ संमिश्र गॅस्केट थोड्या खडबडीत पृष्ठाला उलट चांगले चिकटते. आजच्या बहुतेक शक्तिशाली इंजिनांत मात्र तीन ते पाच पोलादी पापुद्र्यांचे गॅस्केट वापरतात. त्याचे पापुद्रे कमानीच्या ताटलीप्रमाणे उठाव दिलेले असतात, म्हणून शीर्ष किंचित उचलले तरी ते स्प्रिंगसारखे फुगून फट भरून काढतात. बाहेरच्या पापुद्र्यांवर रबरासारख्या पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो, आणि पाणी अडविण्याचे काम तो लेप करतो. पोलाद खरवडींत शिरत नाही, लेप शिरतो, पण त्याची जाडी मिलिमीटरच्या काही शंभरांशांपलीकडे नसते. म्हणून अशा गॅस्केटला आरशासारखे नव्हे, तरी एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी खडबडीत पृष्ठ लागते. जुन्या कातलेल्या पृष्ठावर हे महागडे गॅस्केट ठेवून ‘आता गळणार नाही’ असे म्हणणे म्हणजे खडीच्या रस्त्यावर काच अंथरणे होय.

शर्यतीच्या इंजिनांत कधी कधी सबंध तांब्याच्या पत्र्याचे गॅस्केट आणि सिलिंडरभोवती खाचेत बसविलेली धातूची तार अशी जोडी असते. ती प्रचंड दाबाचा वायू उत्तम अडविते. पाण्याच्या बाबतीत मात्र ती हट्टी आहे, आणि पाण्याच्या भोकांभोवती वेगळा लेप दिल्याशिवाय ती झिरपतेच. काही मिनिटांच्या शर्यतीत हे चालते. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीत तांब्याचे गॅस्केट घालण्याचा मोह आवरलेला बरा.

निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. सिलिंडर कातून मोठा केला असेल तर गॅस्केटचे भोकही त्याहून मोठे हवे. गॅस्केटची कड ज्वलनकक्षात डोकावू लागली तर ती तापून लाल होते आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटविते. दुसरे, गॅस्केटमधील पाण्याची भोके पुष्कळदा ब्लॉकमधील भोकांपेक्षा लहान असतात, काही ठिकाणी तर नसतातच. ही चूक नसते. पंपाजवळचे पाणी जवळच्या वाटेने लगेच वर न चढता मागच्या सिलिंडरापर्यंत जावे म्हणून भोकांची मापे मुद्दाम ठरविलेली असतात. एखादा उत्साही कारागीर ती कात्रीने मोठी करतो, किंवा गॅस्केट उलटसुलट बसवितो, आणि मागचा सिलिंडर उपाशी राहतो.

बोल्टांच्या बाबतीत वाचकांना एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. टॉर्क पान्याने आपण जे बळ लावतो त्याच्या दहा हिश्शांपैकी सुमारे नऊ हिस्से बोल्टाच्या डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतात. बोल्ट ताणण्यासाठी उरतो तो जेमतेम एक हिस्सा. त्यामुळे आट्यात थोडा गंज किंवा माती असली तर पाना ‘कट्ट’ असा आवाज करून पूर्ण आवळल्याची ग्वाही देतो, आणि बोल्टाची खरी पकड मात्र निम्म्यावर राहिलेली असते. दहांपैकी दोन बोल्ट असे निघाले की शीर्षाची एक बाजू कायमची सैल. यासाठी प्रत्येक भोकाचे आटे साफ करावेत, फुंकून कोरडे करावेत, आणि बोल्टाच्या आट्यांना व डोक्याखाली निर्मात्याने सांगितलेलेच वंगण लावावे. वंगण बदलले की आकडाही बदलतो. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचू देऊ नये. बोल्ट खाली उतरताना ते दाबले जाऊन ब्लॉकला तडा गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. याच कारणाने अनेक आधुनिक इंजिनांत बोल्ट ठराविक बळाने आवळून नंतर अंशांच्या मापाने फिरवितात. दीड मिलिमीटर आट्याच्या बोल्टाला पाव फेरा दिला की तो मिलिमीटरचा पावणेचार दशांश एवढा पुढे सरकतो, मग घर्षण कमी असो वा जास्त. असे ताणून बसविलेले बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात. ते पुन्हा वापरून वाचविलेला पैसा हा या धंद्यातला सर्वांत महाग पैसा.

शक्ती बरीच वाढवायची असेल तर बोल्टांऐवजी स्टड व नट वापरणे हितावह. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसवून मग नट आवळला जातो, त्यामुळे स्टडला पीळ बसत नाही आणि ॲल्युमिनियमचे आटे वारंवार झिजत नाहीत. भोकाच्या तोंडाशी आट्यांना थोडी उतरती कड दिलेली असावी; नाही तर आवळताना तेथील धातू वर ओढला जाऊन भोकाभोवती सूक्ष्म टेंगूळ येते आणि शीर्ष त्या टेंगळांवर तरंगते.

आणि ज्यावर सहसा कोणी संशय घेत नाही अशी एक वाट आहे. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-आठ इंजिनासारख्या काही इंजिनांत शीर्षाच्या बोल्टांची भोके थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात. तेथे आट्यांना गळतीरोधक लेप दिला नाही तर पाणी आट्यांच्या मळसूत्रावरून चढत चढत बोल्टाच्या डोक्याशी येते, किंवा तेलात उतरते. गॅस्केट पुन्हा पुन्हा बदलले जाते, आणि दोष तसाच राहतो.

आवळण्याचा क्रम नेहमी मधून बाहेर, किमान तीन टप्प्यांत. कारण साधे आहे. चादर अंथरताना आपण मधून कडेकडे हात फिरवितो तसे हे आहे. कडा आधी दाबल्या तर सुरकुती मध्येच अडकून बसते. आपल्याकडील कारागीर गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना लाखेचा किंवा दुसरा लेप सढळ हाताने लावतात. जुन्या तांब्या-ॲस्बेस्टॉसच्या काळात त्याला अर्थ होता. लेप असलेल्या पोलादी गॅस्केटला मात्र तो अपायकारक, कारण मूळ लेप त्याने सरकतो. ते कोरड्या, डागरहित पृष्ठावर कोरडेच बसवावे.

येथवर केलेले सारे काम उष्णता एका दुपारी उधळून लावू शकते. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे ४५० मिलिमीटर लांबीचे शीर्ष आहे आणि दोन्ही ८० अंशांनी तापले असे समजा. शीर्ष सुमारे ०.८ मिलिमीटर वाढते, ब्लॉक त्याच्या निम्माच. मधला ०.४ मिलिमीटरचा फरक गॅस्केटला प्रत्येक खेपेस घासत सोसावा लागतो. ही घासणी टाळता येत नाही. ती सावकाश व समान होईल एवढे पाहता येते. थंड इंजिन सुरू करून लगेच पूर्ण वेगाने पळविणे म्हणजे शीर्षाचा काही भाग तापलेला आणि काही थंड, अशा स्थितीत त्याला जुंपणे. ‘आपला देश गरम, थर्मोस्टॅट कशाला हवा’ असे म्हणून तो काढून टाकण्याची प्रथा आपल्याकडे बरीच रुजली आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापण्यास फार वेळ घेते, पाण्याचा प्रवाह आखलेल्या वाटेने जात नाही, आणि काही रचनांत तर शीर्षातून पुरेसे पाणी फिरतच नाही.

नळाचे पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवयही अशीच. त्यातले क्षार आतून थर धरतात, आणि पाण्याच्या भोकांच्या कडांशी ॲल्युमिनियम खात जातात. अशी खाल्लेली कड गॅस्केटच्या दाबाखालून मागे सरकते आणि मग अडवायला धातूच उरत नाही. क्षाररहित पाणी आणि एथिलीन ग्लायकॉलचे गंजरोधक मिश्रण निम्मेनिम्म घ्यावे, आणि ते ठराविक काळाने बदलावे. ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते; उघड्या परातीत काढून ठेवलेले हे पाणी कुत्र्यामांजरांनी किंवा लहान मुलांनी चाखू नये याची खबरदारी घ्यायलाच हवी. गळती बंद करणाऱ्या भुकट्यांविषयी एकच सांगतो: त्या गळतीआधी रेडिएटरच्या बारीक नळ्या बंद करतात.

शक्ती वाढविलेल्या इंजिनाचा खास शत्रू म्हणजे अपस्फोट. मिश्रण ज्योतीबरोबर क्रमाने जळण्याऐवजी त्याचा उरलेला भाग एकदम भडकतो, आणि चालकाला इंजिन ठोकत असल्याचा आवाज येतो. दाबाची ही लाट गॅस्केटच्या धातूच्या कड्यावर हातोड्यासारखी आदळते. शीर्ष तासल्याने संपीडन वाढते हे येथे विसरता कामा नये. ४५० घन सेंटिमीटरच्या सिलिंडरात वर ५० घन सेंटिमीटर जागा उरत असेल तर गुणोत्तर १० होते. शीर्ष अर्धा मिलिमीटर तासले की ते १०.४ च्या आसपास जाते. पेट्रोल तेच आणि स्पार्कची वेळही तीच ठेवली तर पूर्वी गप्प असलेले इंजिन ठोकू लागते. आधी वायू पाण्यात शिरतो, पाण्याचा दाब वाढून ते टोपणातून बाहेर पडते, शीर्षात वाफेची पोकळी होते, तेथील धातू वाकतो, आणि मग पाणी सिलिंडरात येते. तापमानाचा काटा या सगळ्या काळात शांत असू शकतो. त्याचा संवेदक पाण्यात नसून वाफेत लोंबकळत असेल तर तो खरे तापमान सांगतच नाही.

सिलिंडरात आलेले थोडे पाणी किती अनर्थ करते हेही लक्षात घ्यावे. वर उरणारी जागा ५० घन सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वाटीदेखील नव्हे. रात्रभरात तेवढे पाणी झिरपून दट्ट्यावर साचले आणि सकाळी स्टार्टर फिरविला, तर पाणी दबत नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

म्हणून पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी एक रात्र वाट पाहावी. सर्व नळ्या जोडून, पाणी भरून, रेडिएटरच्या तोंडावर हातपंप व दाबमापक लावावा आणि टोपणाच्या ठराविक दाबाइतकाच दाब द्यावा. स्पार्क प्लग काढून ठेवावेत. सकाळी काटा जागेवर असावा, आणि प्लगच्या भोकांतून बारीक दिवा सोडून पाहिल्यास दट्ट्यांची डोकी कोरडी असावीत. काटा उतरला असेल आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर दोष आत आहे. तो या घडीला सापडणे म्हणजे फक्त एक दिवस वाया जाणे.

त्यानंतर इंजिन सुरू करून, गाडीत हीटर असल्यास त्याची झडप उघडी ठेवून, सर्वांत उंच जागेवरून हवा बाहेर काढावी. थर्मोस्टॅट उघडून वरची नळी गरम होईपर्यंत इंजिन मध्यम गतीने चालू द्यावे, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. संमिश्र गॅस्केट या पहिल्या तापण्या-निवण्यात किंचित बसते, म्हणून त्याचे बोल्ट थंड स्थितीत ठरलेल्या क्रमाने, एका वेळी एकच, थोडा सैल करून पुन्हा आवळावे लागतात. पोलादी पापुद्र्यांच्या गॅस्केटला निर्मात्याने सांगितल्याशिवाय पुन्हा पाना लावू नये. शेवटी पाण्याच्या टाकीवर रंगाची एक रेघ ओढावी आणि पहिले काही आठवडे रोज सकाळी, थंड इंजिनावर, पातळी त्या रेघेशी ताडून पाहावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती थोडी उतरते, कारण अडकलेली हवा निघत असते. त्यानंतरही ती उतरत राहिली तर शीर्ष पुन्हा उतरवावे, आणि नवे गॅस्केट मागविण्याआधी जुने उजेडात धरून नीट वाचावे.